दाराआडची शुश्रूषा

२०२१ सालचा गुढीपाडवा १३ एप्रिलला होता. आमच्याकडे साताऱ्यात पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, हिंग, ओवा आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकत्र वाटून त्याची गोळी प्रत्येकाच्या हातावर ठेवतात. लहान मुले तोंड वाकडे करतात. मोठी माणसे करीत नाहीत, पण गिळण्याची घाई करतात. त्या वर्षी आमच्या यांनी ती गोळी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाले, "यंदा पाला फारच कोवळा मिळाला वाटतं. कडू लागतच नाही."

मी माझी गोळी खाल्ली. डोळ्यांत पाणी आले.

आदल्या दिवसापासून त्यांचे अंग मोडून येत होते. उन्हात गच्चीवर पापड घालायला मला मदत केली, त्याने झाले असेल असे आम्ही दोघांनीही ठरवून टाकले होते. आता मी डब्यातला हिंग त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी हुंगला, पुन्हा हुंगला आणि माझ्याकडे पाहिले. त्या दिवसांत कोरोना कसा ओळखावा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तेव्हा अधिक बोलण्याची गरजच पडली नाही. गुढी दारात उभी होती, श्रीखंड पातेल्यात होते, आणि आम्ही दोघे स्वयंपाकघरात एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होतो. हातभर अंतर, म्हणजे विषाणूच्या हिशेबाने काहीच नाही.

आज त्या आजाराचे नाव काढले की ऐकणारा कंटाळतो, हे मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी त्याची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले; सक्तीचे विलगीकरण गेले, दारावरची पत्रके गेली. पण घरात एकाला लागट आजार झाला आणि दुसऱ्याने त्याचे करायचे, हा प्रसंग काही जगातून गेलेला नाही. दर पावसाळ्यात इन्फ्लुएन्झा येतो, कधी घरातल्या कर्त्या माणसाला कांजिण्या निघतात. म्हणून ते अठरा दिवस मी तुम्हाला सांगणार आहे. मी डॉक्टर नाही, परिचारिका नाही. शाळेत भूगोल शिकवीत असे. वही ठेवण्याची सवय मात्र होती, ती उपयोगी पडली.

पहिली गोष्ट मला डॉक्टरांनी फोनवर सांगितली ती अशी, की हा विषाणू लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून पसरू लागतो. म्हणजे मी चादरी वेगळ्या करायला निघाले त्याच्या आधी दोन दिवस आम्ही एका ताटात पोहे खाल्ले होते. हे ऐकल्यावर माणसाच्या मनात दोन विचार येतात. एक असा, की आता काय उरले, जे व्हायचे ते झाले. कशाला हा सगळा उपद्व्याप? मलाही क्षणभर तसेच वाटले. डॉक्टर म्हणाले, "बाई, झालं की नाही झालं हे तुम्हाला ठाऊक नाही ना? मग नाही झालं असं धरून चाला. तुम्ही पडलात तर त्यांना पाणी कोण देणार?" मुलगा बंगळुरूला. १४ तारखेच्या रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागली. प्रश्न बिनतोड होता.

तपासणीचा निकाल यायला १६ तारीख उजाडली. त्याची वाट न पाहता पाडव्याच्या दुपारीच आम्ही घराची वाटणी केली.

आमचे घर जुने, एका रांगेत तीन खोल्यांचे. पुढची खोली, माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि परसात संडास-न्हाणी. पुढच्या खोलीला गल्लीकडे दोन खिडक्या, म्हणून ती यांना दिली. अडचण एकच होती. न्हाणीकडे जायला त्यांना माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडूनच जावे लागे. तेव्हा असा शिरस्ता पाडला की त्यांनी जायच्या आधी फोन करायचा, मी जिन्याने वर गच्चीत जायचे, ते मास्क लावून जाऊन येत, आपल्या खोलीत पोचले की पुन्हा फोन करीत, आणि त्यानंतर सगळ्या खिडक्या-दारे सताड उघडी ठेवून अर्ध्या तासाने मी खाली उतरत असे. रात्री दोन वाजता गच्चीवर मास्क लावून उभी राहिलेली साठी उलटलेली बाई समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाने एकदा पाहिली आणि घाबरून आईला उठवले, असे मागाहून कळले.

आमच्या पिढीतल्या बायकांना बाजूला बसणे काही नवे नाही. माझ्या सासूबाईंच्या काळापर्यंत या घरात महिन्याचे चार दिवस बाईने वेगळे बसायचे, वेगळ्या पाटावर जेवायचे, कशाला शिवायचे नाही. त्या प्रकारात ना आरोग्य होते ना न्याय. पण वेगळे बसणाऱ्याचे ताट लांबून कसे सारावे, पाणी वरून कसे ओतावे, हे सगळे हातांना आठवत होते. यांना ते कोणी कधी शिकवलेच नव्हते. पहिल्याच दिवशी तीनदा दार उघडून बाहेर आले. एकदा चष्म्यासाठी, एकदा वर्तमानपत्रासाठी, आणि एकदा "तू काय करतेस ते बघायला". बाजूला बसणे किती अवघड असते, हे पुरुषमाणसाला सहासष्टाव्या वर्षी कळले. मला त्यात थोडे समाधान वाटले. आज ते कबूल करायला हरकत नाही.

आता हवेविषयी. हा भाग जरा नीट ऐका. २०२० साली आम्ही भाजी साबणाने धुतली, दुधाच्या पिशव्या पुसल्या, पेपर उन्हात वाळवले. तेव्हा तसेच सांगितले जात होते. वर्षभरात शास्त्रज्ञांचे मत पक्के होत गेले की या आजाराचा मुख्य मार्ग भाजी नव्हे, श्वासाची हवा. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानासुद्धा सूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. धूर जिथे जाईल तिथे ते जातात. हे उमगल्यावर निम्मी कामे आपोआप कमी झाली. भांडी नेहमीच्या साबणाने घासायची, कपडे नेहमीच्या पावडरीने धुऊन उन्हात टाकायचे. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे कवच असते, ते साबणाने फुटते. त्याला वेगळे जहाल औषध लागत नाही. वाचलेली शक्ती मी खिडक्यांवर खर्च केली.

त्यांच्या खोलीतला टेबलफॅन उचलून एका खिडकीशी ठेवला, तोंड बाहेर गल्लीकडे करून. हे पाहून हे म्हणाले, "वारा मला हवा की गल्लीला?" पण हिशेब असा होता की पंख्याने खोलीतली हवा बाहेर ढकलली, की तेवढीच हवा माजघराकडून दाराच्या फटीतून आत ओढली जाते. म्हणजे वारा माझ्याकडून त्यांच्याकडे, उलट नाही. खरेच तसे होते का, हे पाहायला मी देवघरातली उदबत्ती पेटवून दाराच्या खालच्या फटीशी धरली. धुराची रेघ सरळ आत वळली. पंखा बंद करायला सांगितला, तर धूर उभा राहिला आणि थोड्या वेळाने माझ्या अंगावर आला. भूगोलाच्या तासाला कमी दाबाचा पट्टा मी तीस वर्षे फळ्यावर काढला. तो माझ्याच उंबऱ्यापाशी सापडेल असे वाटले नव्हते. तुमच्या घरी कोणाला फ्लू झाला तर एक उदबत्ती खर्च करून बघा. वारा कोणत्या बाजूने वाहतो ते कळेल. गल्लीतल्या लोकांना मात्र भीती वाटली. मोकळ्या हवेत ते थेंब पांगून विरळ होतात, हे त्यांना समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली. समोरच्या वहिनींनी खिडकी तरीही बंदच ठेवली. आणि त्याच वहिनी रोज सकाळी आमच्या कट्ट्यावर दुधाचे पातेले ठेवून जात. माणसे अशीच असतात. खिडकीबद्दल मी त्यांना बोल लावला नाही.

मास्कसाठी पाच दिवसांचे पाच एन-९५ घेतले आणि पाच कागदी पिशव्यांवर वार लिहिले. वापरलेला मास्क पिशवीत टाकून तो पाचव्या दिवसानंतरच पुन्हा बाहेर काढायचा. मी खोलीत जाताना मास्क दोघांनीही लावायचा, हा नियम. एकट्या शुश्रूषा करणारीने लावला तर निम्मेच काम होते.

वही १३ तारखेपासून सुरू केली. सकाळी सात, अकरा, तीन, सात आणि झोपताना. रकाने असे: ताप, प्राणवायू, नाडी, मिनिटाचे श्वास, साखर, किती पाणी प्यायले, लघवीला किती वेळा गेले. हे गेली चौदा वर्षे मधुमेही, म्हणून साखर. प्राणवायू मोजायचे ते बोटाला लावायचे चिमट्यासारखे यंत्र तुमच्यापैकी पुष्कळांच्या कपाटात अजून पडलेले असेल. ते नीट वापरायचे तर माणसाने आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, बोट गार नसावे, नखावर रंग नसावा, मेंदीसुद्धा नसावी. आणि पहिला आकडा दिसला की लगेच लिहू नये, आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. शिवाय हे यंत्र सावळ्या कातडीवर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते. तसे निरीक्षण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केले होते. आमचे हे चांगले सावळे. म्हणून एका आकड्यापेक्षा उतार बघावा, कालपेक्षा आज किती, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले.

श्वास मोजताना रुग्णाला सांगायचे नाही. सांगितले की तो श्वास सांभाळून घेऊ लागतो. मी दाराच्या फटीतून छातीची चादर वर-खाली होताना पाहत असे, घड्याळ लावून पुरे एक मिनिट. अठरा, वीस, एकोणीस. चोवीसपर्यंत गेला तर लगेच कळवा, असा हुकूम होता.

जेवणाचे काय सांगू? चव गेलेल्या माणसाला खायला घालणे म्हणजे बहिऱ्यापुढे गाणे. मेतकूट-भात पुढे ठेवला, तर म्हणाले, "कापूस चावल्यासारखं वाटतं." मग चवीचा नाद सोडून मी मऊपणा आणि ऊन-गार यांकडे वळले. ऊन मुगाचे कढण, गार ताक, नाचणीची आंबील. आजारी मधुमेही माणूस कमी जेवतो आणि साखरेच्या गोळ्या मात्र रोजच्याच घेतो, ही एक वेगळीच धास्ती असते. साखर एकाएकी खाली जाऊ शकते. गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांनी बदलून दिले, ते आपल्या मनाने करू नये. पाणी मात्र मी मोजून पाजले. दाराशी तांब्या ठेवायचा आणि तासाभराने तो रिकामा दिसला नाही तर दार ठोठवायचे.

हाकेसाठी देवघरातली पितळेची घंटा त्यांच्या उशाशी ठेवली होती. अठरा तासांत ती एकदाही वाजली नाही. विचारले तर म्हणाले, "देवाला उठवायची घंटा, तुला कशी वाजवायची?" खरे कारण वेगळे होते. या माणसाने उभ्या जन्मात काही हवे म्हणून मागितलेले नाही. पुढ्यात येत गेले. मागायचे कसे हेच त्यांना कळेना. शेवटी मी फोन करू लागले. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर बसून आम्ही फोनवर बोलत असू. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही फोनवर कधी दोन मिनिटांच्या वर बोललो नव्हतो.

आता एक तक्रार. १७ तारखेला सकाळी उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर गेलेली दिसली. खाणे निम्म्यावर, आणि साखर दुप्पट! मला कळेना. दुपारी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली, चार गोळ्या कमी. झाले होते असे, की एका स्नेह्याने त्यांना मोबाईलवर एक चिठ्ठी धाडली होती. कोणा डॉक्टरची, कोणा तिसऱ्याच रुग्णासाठी लिहिलेली. सोबत मजकूर, की पहिल्या दिवसापासून हे सुरू करा, फुप्फुसे वाचतील. यांनी औषधाच्या दुकानातल्या पोराकडून खिडकीतून त्या मागवल्या. ते स्टिरॉइड होते. मी फोन केला तेव्हा आमचे डॉक्टर, जे कधी आवाज चढवीत नाहीत, ते ओरडले.

त्यांनी मग मला समजावले ते तुम्हीही लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये जून २०२० मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. ज्यांना प्राणवायू द्यावा लागत होता अशा रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या स्टिरॉइडने मृत्यू कमी झाले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. कारण उघड आहे. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी झगडत असते, आणि स्टिरॉइड त्या झगडणाऱ्या शक्तीलाच खाली बसवते. दुसऱ्या आठवड्यात काही जणांच्या शरीराचा तो क्षोभच आवरेनासा होऊन फुप्फुसावर उलटतो. तिथे तेच औषध तारते. एकच गोळी, चार-सहा दिवसांच्या अंतराने, विष आणि अमृत. त्यात मधुमेही असला तर साखर भडकते, आणि त्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीने किती मधुमेह्यांचे डोळे आणि जबडे नेले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. बंद दाराआडून, मास्क लावून. भांडण रंगत नाही तसे. सारखे "काय म्हणालीस?" म्हणून विचारतात.

लशीवरूनही भांडायचे राहिले होते. साठीवरच्यांना १ मार्चपासून लस खुली झाली. मी दुसऱ्याच आठवड्यात जाऊन आले. हे "गर्दी ओसरू दे" म्हणत राहिले. ते मी त्या दिवशी बोलले नाही. आजारी माणसाला किती बोलावे याला सुमार असतो. आणि खरे म्हणजे हात धरून नेले असते तर आले असते, हेही मला ठाऊक होते.

माझ्या आजेसासूबाई मानमोडीच्या गोष्टी सांगत. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या. त्यांच्या माहेरी एकाच दिवशी घरातली सातही माणसे आडवी झाली, आणि पाणी शेंदायला कोणी उभे राहीना. शेजारची एक कुणबीण बाई येऊन ओटीवर घागर ठेवून जाई, तेवढ्यावर ते घर जगले. मरणारे पुष्कळदा तापापेक्षा पाण्यावाचून गेले, असे त्या म्हणत. तोपर्यंत मी ती गोष्ट म्हातारीच्या आठवणी म्हणून ऐकली होती. १८ एप्रिलला एका दिवसात महाराष्ट्रात ६८,००० वर नवे रुग्ण नोंदले गेल्याची बातमी लागली, तेव्हा मला ती घागर आठवली आणि मी कट्ट्यावरचे पातेले आत आणायला गेले.

त्या काळात जो तो "स्कोर किती?" असे विचारी, म्हणजे छातीच्या फोटोत किती डाग आले. पत्रिकेतले गुण विचारावेत तसे. आमच्या डॉक्टरांनी तो फोटो लगेच काढू दिला नाही. म्हणाले, "डाग पाहून काय करणार? श्वास पाहा."

आणि श्वासानेच सांगितले. १९ तारखेच्या रात्री हे फोनवर मला एक जुनी गोष्ट सांगत होते. कराडच्या त्यांच्या पहिल्या नोकरीतली, मी वीसदा ऐकलेली. म्हणून तर लक्षात आले. ज्या वाक्यावर ते एका दमात पोचत, तिथे आता दोन थांबे लागत होते. "मग साहेब म्हणाले," थांबा. "तुम्ही असं करा," थांबा. ताप नव्हता, धाप लागल्याची तक्रार नव्हती. यंत्र ९५ दाखवीत होते. आजाराचा आठवा दिवस. या आजारात पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंतचा काळ फसवा असतो. माणसाला बरे वाटते आणि आत उतरंड सुरू होते.

सकाळी आकडा ९४. डॉक्टर म्हणाले, खोलीतल्या खोलीत चालवून बघा. तरुणांना सहा मिनिटे, साठीच्या पुढे तीन पुरे. कोणी तरी जवळ असावे, चक्कर आली तर थांबावे. मी दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिले. तीन मिनिटांनी आकडा ९० झाला. त्यांना स्वतःला काही झाले आहे असे वाटतच नव्हते. "बघ, चाललो की मी!" म्हणाले. मी वही त्यांच्यापुढे धरली. ९७, ९६, ९६, ९५, ९४, ९०.

दवाखान्यात जायला ते तयार नव्हते. "तिथं गेलेला परत येत नाही. इथं तू तरी आहेस दाराशी." हे वाक्य त्या एप्रिलमध्ये कितीतरी घरांत बोलले गेले असेल. माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते. मलाही तेच वाटत होते. घरी ठेवण्यात माया आहे असे वाटते, आणि त्या क्षणी तीच मायेची गोष्ट सर्वांत घातक असते. मी एवढेच म्हणाले, की दाराशी बसून मला प्राणवायू देता येत नाही. पाणी देता येतं, कढण देता येतं. तो देता येत नाही.

खाट मिळायला रात्रीचे अकरा वाजले. दिवसभर मुलगा बंगळुरूहून आणि मी इथून, दोघांनी मिळून किती ठिकाणी फोन लावले त्याची मोजदाद नाही. एका ठिकाणी खाट आहे म्हणाले, पोचायच्या आत गेली म्हणाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मधले सगळे तास डॉक्टरांच्या सांगण्यावरून यांना पालथे झोपवले. एक उशी मानेखाली, दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. घरातल्या सगळ्या उशा संपल्या. जेवणानंतर तासभर असे झोपू नये. गरोदर बाईने आणि गंभीर हृदयविकार असलेल्याने तर मुळीच नाही. पालथे झाल्यावर पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मोकळा होतो. आकडा ९२ वरून ९५ वर आला आणि तिथे टिकला. त्या साध्या युक्तीने आम्हाला तो दिवस काढता आला. पण खाट शोधणे आम्ही थांबवले नाही. आकडा वर आला म्हणून थांबू नका, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते.

१०८ ची गाडी गल्लीत आली तेव्हा सगळ्या खिडक्या उघडल्या. समोरच्या वहिनींचीही. मी वही त्यांच्या पिशवीत ठेवली, इन्सुलिनच्या आणि गोळ्यांच्या चिठ्ठीसकट. तिथल्या डॉक्टरांनी ती वाचली आणि चार गोळ्यांची हकीकतही विचारून घेतली, असे नंतर कळले. लपवण्यासारखे वाटते ते आधी सांगावे. गाडीत चढताना यांनी घंटा मागितली. देवघरातली नेऊ नये म्हणून मी नाही म्हणाले. रात्रभर ती मला टोचत राहिली.

तिथे त्यांना दहा दिवस काढावे लागले. मुखवट्याने प्राणवायू, आणि तेच स्टिरॉइड, आता योग्य वेळी, योग्य मात्रेत, दिवसातून चारदा साखर पाहून, इन्सुलिनच्या आधारे. ३० एप्रिलला ते घरी आले. मला आजार झालाच नाही. लशीच्या एका डोसाने, की पंख्याने, की नुसत्या नशिबाने, ते मी सांगू शकत नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

घरी आलेला माणूस बरा झालेला नसतो, हे मात्र मला कोणी आधी सांगितले नव्हते. दाढी करून ते अर्धा तास झोपत. फाटकापर्यंत चालायला दोन आठवडे लागले. रोज सकाळी मी उजेडात त्यांचे नाक, गाल, टाळू आणि डोळे पाहत असे. एका बाजूला सूज, गालात दुखणे, दात हलणे, नाकातून काळपट काही येणे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर, असे कागदावर लिहून मिळाले होते. तसे काही झाले नाही. साखर ताळ्यावर यायला जून लागला. लस त्यांनी जुलैच्या शेवटी घेतली, गर्दीत उभे राहून.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा मी स्वयंपाकघरात तुरीच्या वरणाला फोडणी देत होते. पुढच्या खोलीतून घंटा वाजली. हातातला झारा तसाच घेऊन मी धावले. हे पलंगावर ताठ बसले होते. "हिंग जरा जास्त पडलाय का गं?" म्हणाले.